थोरला, धाकटी आणि माझा तक्ता

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.
ही बहिणीकडे गेली. महिनाभर. विचार करायचाय म्हणाली. करू दे. तिचे दोन पोपट, थोरला आणि धाकटी, माझ्या ताब्यात. तीस तारखेला येते, तोवर दोघं जगले तर पुढचं बोलू, असंही म्हणाली. टोमणा होता. मी दुर्लक्ष केलं.

संकल्प : नुसते जगणार नाहीत, धष्टपुष्ट होतील. नऊ वर्षं हिने त्यांना काय घातलं देव जाणे. मी एकोणीस वर्षं खरेदी खात्यात आहे. कमी दरात उत्तम माल कसा मिळवायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

३ सप्टेंबर.
आहाराचा तक्ता तयार. सोमवारी गाजर-पालक, मंगळवारी मोड आलेले मूग, बुधवारी ढोबळी मिरची, रविवारी बिया काढलेल्या सफरचंदाची फोड. तीन रंगांची शाई. भिंतीवर फार देखणा दिसतो. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे नुसती चरबी, असं नेटवर वाचलं. डबा माळ्यावर टाकला.

४ सप्टेंबर.
भाजीवालीशी बोलणी. संध्याकाळी उरलेला माल अर्ध्या भावात. पोपटांसाठी म्हटल्यावर हसली. आगाऊ बाई आहे.

५ सप्टेंबर.
थोरल्याने वाटी उलटी केली. धाकटीने पाठ फिरवली. सुरुवातीला विरोध होणारच. ऑफिसात नवीन फॉर्म आला तेव्हाही हेच झालं होतं.

६ सप्टेंबर.
दोघांनी मिळून चार मूग टिपले. प्रगती आहे. मी टीव्हीसमोर जेवलो, नेहमीसारखाच.

७ सप्टेंबर, शनिवार.
थोरल्याचं वजन सोमवारपेक्षा नऊ ग्रॅमने कमी. काटा जुना आहे. शेजाऱ्यांचा आणला. त्यावर अकरा ग्रॅमने कमी. तोही बिघडलाय.

थोरला पिसं फुगवून कोपऱ्यात बसलाय. शिट्टी मारली तरी डोळे उघडत नाही. भीती वाटली. हे कोणाला सांगायचं नाही.

८ सप्टेंबर.
पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फैलावर घेतलं. बिया आजच सुरू करा, बाकीचं हळूहळू. सोबत नेलेल्या तक्त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. वर म्हणाल्या, पोपट एकटे जेवत नाहीत, थव्यात जेवतात. यांच्याबरोबर घरात कोण जेवतं? म्हटलं, कोणी नाही, त्यांना वाट्या आहेत. बाईंनी तेही केसपेपरवर लिहिलं. वर फी घेतली.

९ सप्टेंबर.
हिला फोन. सहज विचारलं, पोपट कोणाबरोबर जेवायचे? माझ्याबरोबर, म्हणाली. स्वयंपाकघरात, रोज. मग म्हणाली, तू टीव्हीसमोर, मग मी कोणाबरोबर जेवणार होते? उगाच विषय वाढवते. तिच्या तब्येतीचं विचारायचं राहिलं.

१२ सप्टेंबर.
थव्यात जेवण, प्रयोग पहिला. पिंजऱ्यासमोर बसून कच्चं गाजर खाल्लं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मधे ऑफिसचे दोन फोन घेतले. दोघं लांबच्या दांडीवर जाऊन बसले. धाकटीने एकदा पाहिलं, हे नोंदवून ठेवतो.

१९ सप्टेंबर.
प्रयोग तूर्त स्थगित. सहामाही अखेरीची कामं आहेत. बियांची वाटी भरून ठेवतो. वजन परत आलं, म्हणजे माझी पद्धत बरोबर होती. तक्त्यात रोज ‘पालक : खाल्ला’ लिहितो. खोटं नाही. कोणी खाल्ला, असा रकानाच नाही. माझा पट्टा एक भोक आत गेलाय.

२९ सप्टेंबर.
उद्या येते. पिंजरा घासला, तक्ता नव्याने लिहिला. पोपट ठणठणीत आहेत. आता तिच्याकडे बोलायला जागा नाही.

३० सप्टेंबर, सोमवार.
अकराला आली. तक्ता वाचला नाही. सरळ स्वयंपाकघरात खाली बसली, पिंजऱ्याचं दार उघडलं, गाजर मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं. धाकटी खांद्यावर येऊन बसली. थोरल्याने तिच्या हातातलं गाजर खाल्लं. मग पालक. मग ढोबळी मिरची. अर्ध्या भावातली, मी आणलेली. ती त्यांच्याशी काहीबाही बोलत होती. मी दारात उभा. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

म्हटलं, सोमवारी गाजर-पालकच आहे, तक्त्याप्रमाणे. तिने मान हलवली. विचार झाला म्हणाली. दोघांना पिंजऱ्यात घातलं, वर चादर टाकली, पिंजरा गाडीत ठेवला आणि निघून गेली. दोन पोपटांसाठी एवढं करायची गरज नव्हती, हे तिला सांगायला हवं होतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार.
आज टीव्ही लावला नाही. ताट घेऊन स्वयंपाकघरात खाली बसलो. दोन घासांपुढे जाईना. भाजीच हलकी निघाली असावी.