धवलारिणीचा रविवार

बाई, मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाला टेकत आले आहे, आणि तुमच्यासारखीच एकटी. एका कपाची कॉफी करायची तर भांडं घासण्याचाच खटाटोप जास्त, असं तुम्ही म्हणायचात तेव्हा मला हसू यायचं. आता रोज पटतं. दोन-दोन दिवस दाराची बेल वाजत नाही, मग मी घरात मोठ्याने बोलते. परवा बोलता बोलता लक्षात आलं की मी तुमच्याशीच बोलतेय. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. तुम्ही शाळेतून निवृत्त झाला होतात, मी वाशीला कॉलेजात जायला लागले होते, तरी सुट्टीच्या दिवशी मी तुमच्याच फ्लॅटवर पडीक असायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला दोन जाडे शब्दकोश आणि मधे तुमच्या लांब वह्या. तुमचा भाचा बोटीवर होता. कुठल्याशा बंदरातून त्याने आइसलँडची एक नवी कादंबरी आणली होती, इंग्रजीतून, आणि ती तुम्ही मराठीत आणत होतात. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणारही नव्हतं. मे महिना, लाइट गेलेले, हाताच्या घामाने शाई पसरतेय आणि तुम्ही मला विचारताय, "भुरभुरणाऱ्या बर्फाला काय म्हणू गं?" मी म्हणते, "बाई, आधी त्या पंख्याला काहीतरी म्हणा." तुम्ही हसता, पण पेन खाली ठेवत नाही.

त्या कादंबरीतली बाई शहरात नव्या इमारतीत राहते. जमिनीखालच्या गरम पाण्यावर तिचं घर उबदार राहतं. तिची आजी मात्र माती-गवताच्या घरात वाढलेली. तिथे हिवाळ्यात सगळे एका खोलीत बसून लोकर विंचरायचे, आणि एक जण शेकडो वर्षांपूर्वीची लांबच लांब पद्यं चालीवर म्हणायचा. आजीला ती सगळी पाठ आहेत. ती नातीला शिकवू बघते आणि नात म्हणते, पुढच्या सुट्टीत. तुम्हाला त्या देशाचं भारी कौतुक. "तिथले आजचे लेखक जुन्या कथांच्या पाया पडत बसत नाहीत गं, भांडतात त्यांच्याशी. पण घरच्या माणसाशी भांडावं तसं," असं तुम्ही म्हणायचात. टेलिफोन आला तेव्हा त्या लोकांनी परका शब्द घेतला नाही, धाग्याला असलेला एक विसरलेला शब्द शोधून तो फोनला दिला, हे तर तुम्ही मला निदान चार वेळा सांगितलंत. मग खिडकीबाहेर बघून म्हणायचात, "आणि आपण? गावांची नावं पुसून सेक्टरचे आकडे टाकले." मी मान डोलवायची. तुमची बिल्डिंग उभी होती त्या जागेवर माझ्या आजोबांचं भात पिकायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमचं घोडं अडलं ते सातव्या प्रकरणाशी. तिथे आजी पद्य म्हणते, चांगली पाच पानं. तुम्ही ओवी लावून पाहिलीत, अभंग लावून पाहिलात, आणि वैतागून कागद फाडलात. "ही म्हातारी देवळात जाऊन बसली बघ. मला देवळातली नकोय, घरातली हवीय." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणालात, "तुमच्या सानपाडा गावात लग्नाला बायका काही म्हणतात ना? भटजीशिवाय लग्न लावतात म्हणे?" मी शब्दकोश पुढे ओढला. मी म्हटलं, "असायचं पूर्वी. आता कोणी नाही म्हणत."

बाई, माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायची ती. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा एक-एक धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, आणि तिने तो म्हटल्याशिवाय कोणी हळदीलाही हात लावायचं नाही. अक्षरओळख नाही, पण पुऱ्या दोन दिवसांचं लग्न तोंडपाठ. मला वाटतं, तुमच्या कादंबरीतल्या त्या आजीपुढे बसवली असती तर तिने हार मानली नसती. पण तोवर आमच्याकडे बँडवाले, व्हिडिओवाले आले होते आणि घाईचे भटजीही. आईला मानपानापुरतं बोलवायचे आणि ती दुसऱ्या कडव्यावर आली की कॅमेरावाला म्हणायचा, "मावशी, जरा शॉर्टमधी." कॉलेजातल्या, बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या मुली आम्हाला गाववाल्या म्हणायच्या. मी घरातली बोली उंबऱ्यावर सोडून निघत असे आणि तुमच्यासारखं बोलत असे. तुमचा 'नव्हे'सुद्धा उचलला होता मी.

तुम्हाला शेवटी कळलंच. दिवाळे गावची मासळीवाली तुमच्या शेजारणीकडे यायची, तिने सांगितलं. मला वाटलं आता तुम्ही रागावणार. तुम्ही फक्त म्हणालात, "इतकी वर्षं माझ्याकडे येतेस आणि घरात एवढं आहे ते सांगितलं नाहीस? मला वाईट वाटलं." मग वही पुढे ओढून, "रविवारी येऊ का त्यांच्याकडे? वही घेऊन येते. त्यांना चालेल ना?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

आईला सांगितलं, तर ती आधी हसली. मग तीन दिवस तांदूळ निवडताना, पाणी भरताना ओठ हलवत राहिली. "एक धवला याद येत नव्हता," ती म्हणाली, "काल आला बग. तुज्या बायला पयला तोच सांगन." रविवारी पहाटेच ओटी सारवली, लग्नाला नेसायची ती साडी नेसली आणि सुकटीची टोपली आपण होऊन मागच्या दारी नेऊन ठेवली. ती टोपली उचलताना मी तिला पाहिलं आणि मला ते सहन होईना. तुम्ही तिला नावं ठेवली नसतीत, हे मला ठाऊक होतं. तुम्ही तिचं कौतुक केलं असतंत, आणि मग मलाही कौतुकाने तिची मुलगी व्हावं लागलं असतं. मी तर तेव्हा तुमची मुलगी व्हायच्या खटपटीत होते.

मी तुमच्याकडे आले आणि सांगितलं की आईला अचानक उरणकडे लग्नाला जावं लागलं. तुम्ही पिशवी भरून तयार होतात. पिशवीतून वही बाहेर काढलीत आणि म्हणालात, "असू दे, परत कधीतरी." घरी जाऊन आईला सांगितलं, बाईंना ताप आलाय. आई तशीच साडीत चुलीपाशी बसली. "एकटीच रातं ना ती? कोन करनार तिचा?" असं म्हणत तिने पेज केली, डबा बांधून माझ्या हातात दिला. तो डबा मी तुमच्या घराच्या वाटेवर नाल्यात ओतला. रिकामा डबा परत नेला तेव्हा आईने विचारलं, "खाल्ली का गो?" मी म्हटलं, सगळी खाल्ली.

ते 'परत कधीतरी' आलंच नाही. तुम्ही एकदा विचारलंत, मी परीक्षा पुढे केली. आईने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. पुढल्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या भाच्याने वह्या मला दिल्या. सहावं प्रकरण पुरं आहे, आठवं पुरं आहे, मधली पानं कोरी. पहिल्या कोऱ्या पानावर त्या रविवारची तारीख घालून तुम्ही पेन्सिलीने नुसतं 'आईंकडे' एवढंच लिहून ठेवलं होतंत. आई त्यानंतर बरीच वर्षं होती, पण शेवटी शेवटी तिचे धवले एकमेकांत मिसळायला लागले. हळदीतून ती एकदम पाठवणीत जायची, आणि चुकलं हे तिला कळायचं, म्हणून रडायची. मी टेप घेऊन बसले तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. मला विचारायची, "तू कोनाची गो?"

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती, विद्यापीठातली. धवल्यांवर अभ्यास करतेय. हुशार आहे, तुम्हाला आवडली असती. तिने फार हळहळून विचारलं, "तुमच्या आईंचे धवले कोणी लिहून कसे घेतले नाहीत?" मी कपात साखर ढवळत होते. म्हटलं, "तेव्हा कोणी विचारायलाच आलं नाही गं." तिने मान हलवली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.