तू जोडलेल्या वायरींविषयी

प्रिय वेंडेल,

नमस्कार. कॉनीलाही माझा नमस्कार सांग. तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालतो. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का ते कळव. उतरली नसली तरी कळव, कारण तुझ्याबद्दलची एखादी वाईट बातमी ऐकायला सध्या माझी पूर्ण तयारी आहे. माझी तब्येत ठीक आहे. जेवतो, झोपतो. इकडे मोंटानात बर्फ वितळलं, आणि तुमच्या डाकोटातली जमीनही आता फावड्याला दाद देते असं तिथल्या पाद्रीबाईंनी कळवलंय. म्हणजे थंडीमुळे लांबलेलं माझ्या आर्डिसचं दफन पुढच्या आठवड्यात शनिवारी, तुमच्या आईवडिलांच्या शेजारी, होणार हे नक्की. अर्थात मी तिची रक्षा घेऊन तिथे पोचलो तर. आणि मी पोचतो की नाही हे केवळ तुझ्या कर्तबगारीमुळे अधांतरी आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मला रागावता येत नाही. समोरच्याचा आवाज ऐकला की मी ‘बरं, बरं’ म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय. हे पत्र बसून वाच.

फेब्रुवारीत तू अंत्यविधीला आलास तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो तो बटाटे-चीजचं भाजलेलं भांडं घेऊन आला होता (त्यातलं शेवटचं अजून फ्रीजरमध्ये आहे, मी ते उघडणार नाही), आणि सगळे माना खाली घालून कॉफी पीत होते. तुला बसवेना. तुम्हा भावंडांना दुःख झालं की तुमच्या हातात पक्कड येते, हे मला ठाऊक आहे. तुमची आई गेली तेव्हा आर्डिसने आमच्या स्वयंपाकघरातला चांगला चालणारा नळ खोलून ठेवला होता. तसा तू गॅरेजमध्ये गेलास आणि हात काळे करून परत आलास. म्हणालास, ‘नॉर्व्हल, तुझ्या कॅम्परचा प्लग पार गंजला होता. कापून टाकला. नवा बसवलाय.’ मी तुझे आभार मानले. पाहुण्यांसमोर मी आणखी काय करणार होतो?

आता तू नक्की काय केलंस ते ऐक. कॅम्परची ती झोपायची खोली पिकअपच्या पाठीवर बसते आणि पिकअपचे मागचे दिवे झाकून टाकते. म्हणून खोलीला स्वतःचे दिवे असतात, आणि त्यांना पिकअपकडून वीज मिळते ती त्या एका जाड केबलच्या प्लगमधून. तू नव्या प्लगवर छापलेले रंग बघितलेस आणि हिरव्याला हिरवी, तपकिरीला तपकिरी, पिवळ्याला पिवळी वायर लावलीस. कुठलाही शहाणा माणूस हेच करील, आणि इथेच शहाणी माणसं फसतात. सामान ओढायच्या गाड्या बनवणारे रंगांच्या एका नियमाने चालतात, झोपायच्या खोल्या बनवणारे दुसऱ्या. पहिल्यांचा हिरवा म्हणजे उजवीकडे वळायचा दिवा, दुसऱ्यांचा हिरवा म्हणजे कडेचे सगळे बारीक दिवे; तपकिरीचं नेमकं उलटं. दोघांचे कारखाने एकाच देशात आहेत, दोघे एकच भाषा बोलतात, पण हिरवा म्हणजे काय यावर त्यांचं एकमत होत नाही. (मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. दोन मोजणीदारांनी उत्तर दिशा अशी आपापली ठरवली असती तर लोकांनी आम्हाला गावाबाहेर काढलं असतं.) लाल वायरीला तर तुला जागाच सापडली नाही, म्हणून तिला टेप गुंडाळून सोडून दिलंस. ती डाव्या दिव्याची होती.

सोमवारी मी खोली पिकअपवर चढवली, प्लग लावला, पुढचे दिवे लावले आणि सरावासाठी हमरस्त्याला लागलो. थोड्याच वेळात शेरिफच्या माणसाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ‘अहो, तुम्ही आता उजवीकडे वळाल, मग वळाल, म्हणून मी कधीचा मागे थांबतोय. आणि खरंच उजवीकडे वळलात तेव्हा तर सगळी गाडी नाताळच्या झाडासारखी लुकलुकायला लागली! डावीकडे वळलात ते मला तुम्ही वळल्यावर कळलं.’ दिवे नीट झाल्याशिवाय ही खोली घेऊन गावाबाहेर पडायचं नाही, असं त्याने बजावलं. मग आर्डिसचं नाव काढून टोपी उतरवली. तो टोपी उतरवून उभा होता तोवर मला निघताही येईना.

वायरी मी मंगळवारी स्वतः बदलल्या. ते अवघड नव्हतं. खरा संताप पुढे आहे. दिवे तपासायला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि एक मागे उभं राहून ओरडायला. आमच्याकडे ओरडायचं खातं आर्डिसकडे होतं. ‘डावा! डावा म्हणाले, वायपर नव्हे! ब्रेक! अरे दाब की, का अंडं आहे पायाखाली?’ दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू जायचं. मी शेजारच्या व्हर्नाला बोलावलं. मी ब्रेक दाबला, व्हर्ना म्हणाली, ‘छान!’ डावा लावला, ‘छान!’ उजवा, ‘अगदी छान, नॉर्व्हल!’ मला शंका आली. मी उतरलो, तिच्या नकळत प्लग उपसून ठेवला, परत येऊन ब्रेक दाबला. व्हर्ना म्हणाली, ‘सुरेख!’

मी तिच्यावर ओरडलो नाही. कॉफीला थांबतेस का विचारलं. थांबली.

मग हार्डवेअरचं दुकान चालवायचा तो क्लेटन, निवृत्त झालेला, त्याला बोलावलं. म्हटलं, हा माणूस जन्मभर लोकांना चुकीचा स्क्रू घेतलास म्हणून फटकारत आला, हा खरं बोलेल. क्लेटन मागे बराच वेळ उभा राहिला, मग खिडकीपाशी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘तू आधी स्वतःची काळजी घे.’ अरे, मी उजव्या दिव्याबद्दल विचारत होतो! फेब्रुवारीपासून या गावात माझ्याशी कोणी एक खरं वाक्य बोललेलं नाही. शर्टाची बटणं चुकीची लावून मी चर्चमध्ये बसलो, कोणी सांगितलं नाही. आर्डिसने दारातूनच परत पाठवलं असतं.

शेवटी ब्रेकच्या पेडलवर काठी अडकवावी आणि वाणसामानाच्या दुकानाच्या मोठ्या काचेत मागचे दिवे बघावेत असं ठरवून मी पिकअप उलटी घेतली. आतली माणसं ढकलगाड्या टाकून पळाली. मॅनेजर शिव्या देत बाहेर आला. ‘डोळे आहेत की बटणं?’ म्हणाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण त्याने मला ओळखलं, चेहरा पाडला, आत गेला आणि डोनट घेऊन आला.

आणि या सगळ्यात काल तू फोन करून म्हणालास, ‘एवढी यातायात कशाला, रक्षा टपालाने पाठवून दे, लोक पाठवतात.’ मी ‘बरं, बरं’ म्हणालो. ते ‘बरं’ मी इथे परत घेतो. लोक पाठवत असतील. आर्डिसने त्या खोलीचे पडदे स्वतः शिवले, तिथल्या खिडकीशी बसून, मी वाट चुकलो की मला बोल लावत आली. तिला मी तिकीट चिकटवून पाठवणार नाही. आणि यापुढे माझ्या मालकीच्या कुठल्याही वायरीला तू हात लावायचा नाहीस. टॉर्चलासुद्धा नाही.

कॉनीला पुन्हा नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुझा,
नॉर्व्हल

ता. क. तू पुढच्या आठवड्यात गुरुवारी इकडे येऊ शकशील का? हत्यारं आणू नकोस. फक्त मागे उभं राहून ओरडायचं आहे. तुझा गळा तुझ्या बहिणीसारखाच आहे आणि तुला माझी कीव करायची सवय नाही.

दुसरा ता. क. ‘छान’ म्हणालास तर त्याच पावली परत पाठवीन.

तिसरा ता. क., पाकिटाच्या पाठीवर. हे टाकायला निघालो तेव्हा वाटेत अग्निशमन केंद्राचं पांढरं दार बंद दिसलं. काठी गाडीतच होती, गाडी उलटी घेऊन दाराशी लावली. दारावर डावा डावीकडे लागला, उजवा उजवीकडे, ब्रेक दोन्ही. म्हणजे गाडी आता बिनचूक आहे आणि त्या कामासाठी तुझी काही गरज नाही. तरी गुरुवारी ये. मी आर्डिसला घेऊन पुढे निघेन, तू आपल्या गाडीने मागून चल. एवढा लांबचा रस्ता आहे, मागे कोणीतरी असलेलं बरं.