यादीवाल्याची खुंटी

मंगळवार, ४ मार्च

साडू गेला. आणि माझी यादी घेऊन गेला!

यादी म्हणजे एकवीस वर्षांचं काम. पाइप ओढणाऱ्या माणसाला अजूनही 'या, बसा' म्हणणाऱ्या सतरा जागा. लॉज, खाणावळी, डोंगरातली दोन चहाची घरं, तळ्याकाठचं एक विश्रामगृह. प्रत्येक जागेला मी दर वर्षी पत्र घालतो. चारच प्रश्न — पाइप अजून चालतो का, बसायला व्हरांडा आहे का, वारा कुठून येतो, शेजारी खोकणारं कुणी असतं का. उत्तर आलं की हिरवी खूण. नाही आलं की प्रश्नचिन्ह.

मी स्वतः एकाही जागी गेलेलो नाही. यादी पुरी झाली की जाणार होतो.

साडूनं परवा जेवता जेवता मागितली. "साडूबुवा, आता रिटायर झालो. जरा हिंडून येतो म्हणतो." मी घास गिळेपर्यंत हिनं कपाटातून काढून दिलीसुद्धा. म्हणे, "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." अरे, तो पाइप ओढायला लागला तोच मुळी माझं बघून. आयत्या बिळावर नागोबा!

गुरुवार, ६ मार्च

दुकानात आज दोन भिंगं चुकीच्या नंबरची घासली. चष्म्याच्या धंद्यात अठ्ठावीस वर्षं काढली, असं कधी झालं नव्हतं. मालक म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" तब्येतीला काय धाड भरलीय.

रविवार, ९ मार्च

साडू रोज संध्याकाळी मेहुणीला फोन करतो. मेहुणी हिला करते. ही फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवते.

"भाऊजी, तुमच्या पहिल्या नंबरच्या मालकानं ह्यांना स्वतः उचलून खुर्ची आणून दिली. व्हरांड्यात, अगदी पुढे."

एकवीस वर्षं मी त्या मालकाला पत्रं लिहितोय. खुर्चीचा उल्लेख एकदाही नाही!

साडू तंबाखू भरतो कशी, तर उशीत कापूस कोंबल्यासारखी. दहा मिनिटांत तीनदा पाइप विझतो. असल्या माणसाचा हा मान.

बुधवार, १२ मार्च

दुसरी जागा झाली, तिसरी झाली. तिथं एका म्हाताऱ्या पाहुण्यानं त्याला आपल्या डबीतली तंबाखू दिली. मी आरशात बघून विचार केला, त्याच्यात असं आहे काय? तोंड आहे. मी लिहितो, तो बोलतो. एवढाच फरक.

गुरुवार, १३ मार्च

नंबर माझे, रस्ता त्याचा. उद्या तो मधलं सगळं सोडून एकदम नवव्या जागी जाणार आहे.

हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो. नवव्या जागेचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. 'आमच्याकडे आता धूर पूर्ण बंद केला आहे, क्षमस्व.' पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. हिनं विचारलं, "कुणाचं?" म्हटलं, दुकानाचं.

एक फोन केला की झालं. करत नाही. त्याला दारातून परत पाठवलेलं मला एकदा ऐकायचंय.

शनिवार, १५ मार्च

तिथंही ओढला!

मालकानं म्हणे मागचं अंगण उघडून दिलं. काडीसुद्धा स्वतः पेटवली. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही हेच खरं.

मेहुणी म्हणाली, "मालकांचे डोळे भरून आले होते." डोळे कशाला भरायला हवेत? साडूला बघून आजवर कुणाचे भरले नाहीत. लग्नातसुद्धा नाही.

सोमवार, १७ मार्च

जेवण जात नाही. ही म्हणाली, "तुमच्या पोटात काय दुखतंय ते मला ठाऊक आहे. जायचं होतं तर जायचं."

"यादी पुरी नव्हती."

"आधी म्हणालात, बारा झाल्या की जाऊ. मग पंधरा. वाट बघून बघून केस गेले तुमचे."

खरं कारण यादी नाहीच. पत्रात व्हरांडा छान असतो. जाऊन बघितला आणि तसा नसला तर? एकवीस वर्षांचं काय करायचं? हे मी हिला कधी सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा स्वतःलाच सांगतोय.

शुक्रवार, २१ मार्च

आज तो चौथ्या जागी पोचला. तळ्याकाठी.

बाकीच्या सोळा जागा त्यानं खुशाल घ्याव्यात. ही एक माझी होती. तिथं बैठकीच्या भिंतीवर खुंट्या आहेत. नेहमीचे पाहुणे आपला एक पाइप तिथंच ठेवून जातात, खाली पितळी पट्टीवर नाव. पाहुणा मेला की मालकीणबाई त्याच्या पाइपची दांडी मोडतात आणि पाइप परत तिथंच लावतात. म्हणजे दुसऱ्या कुणी तो पेटवू नये. हे मला त्यांच्याच एका पत्रातून कळलं होतं. ते पत्र मला तोंडपाठ आहे. त्या भिंतीवर आपली एक खुंटी असावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

मेहुणी म्हणाली, "खुंटीचं काहीतरी सांगत होते, पण आवाज तुटत होता."

मिळाली असणार त्याला. मिळाली असणारच.

शनिवार, २२ मार्च

मिळाली असणार.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी दाढी करत होतो. टपालानं हिच्या नावावर पत्र आलं. चौथ्या जागेवरून! हिनं मोठ्यानं वाचायला घेतलं —

'आपले यजमान गेल्याचं आपल्या बहिणीच्या यजमानांकडून कळलं. फार वाईट वाटलं. आम्ही त्यांना इथं यादीवाले म्हणत असू. दर वर्षी पत्र यायचं, आम्ही खोली झाडून ठेवायचो. त्यांचा स्वतःचा पाइप आमच्याकडे नव्हता. म्हणून एक नवाच आणून, त्याची दांडी मोडून, त्यांच्या नावानं खुंटीवर लावला आहे.'

ही हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मी अर्ध्या गालाला फेस लावून तसाच उभा. माझ्या मरणावर हिला एवढं हसू येईल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, ३ एप्रिल

साडू काल संध्याकाळीच परतला होता. आज बोलावून घेतला. शरम नावाला नाही!

"पहिल्या जागी मालक सरळ नाही म्हणाला. फक्त जुन्या गिऱ्हाइकांना परवानगी. मी यादी पुढे केली. त्यानं अक्षर ओळखलं. विचारायला लागला, हे गृहस्थ येणार तरी कधी? मी म्हटलं, गेले ते."

"का पण?"

"मग काय सांगायचं होतं? घाबरतात म्हणून? एकवीस वर्षं पत्रं लिहून न येणाऱ्या माणसाचं दुसरं कुठलंही कारण त्यांना पटलं नसतं, साडूबुवा. आणि एकदा मारल्यावर पुढं प्रत्येक ठिकाणी मारावंच लागलं."

मी खूप बोललो. त्यानं ऐकून घेतलं. निघताना चपला घालत म्हणाला, "नवव्या नंबरचं पत्र तुमच्याच खिशात होतं ना? मालक म्हणाले, आम्ही कळवलं होतं."



शनिवार, ५ एप्रिल

जातो. चौथ्या जागी. खुंटी माझी आहे, मी बघून येणार.

ही म्हणाली, "पण जाणार काय म्हणून?"

"यादीवाल्यांचा दुसरा साडू."

हिनं माझं बोलणं संपायच्या आत बॅग भरायला घेतली.

सोमवार, ७ एप्रिल

बस. एकदा ओकलो. बाकी ठीक.

मंगळवार, ८ एप्रिल

पोचलो. वहीत खोटं नाव, गावाचा खरा पत्ता लिहिला.

तळं पत्रातल्यासारखंच. व्हरांडा पत्रातल्यापेक्षा लांब. वारा डावीकडून. मी उगाच घाबरलो होतो, आणि किती वर्षं!

खुंटी बघितली. मोडक्या दांडीचा पाइप, खाली 'यादीवाले'. पट्टीमागे माझी सगळी पत्रं सुतळीनं बांधलेली.

संध्याकाळी व्हरांड्यात पुढची खुर्ची रिकामी होती. बसायला गेलो तर एक पाहुणे म्हणाले, "तिथं नका बसू. ती यादीवाल्यांची." मी मागे स्टुलावर बसलो. मग सगळे त्याच्याबद्दलच विचारत राहिले. कसा होता, काय बोलायचा, कुठली तंबाखू. माझ्या तंबाखूबद्दल कुणी विचारलं नाही.

साडूचा राग कुठल्या कुठे गेला. आता मी ह्या मेलेल्या माणसावर जळतोय. काही न करता त्याला सगळं मिळालं!

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी व्हरांड्यात आलो. मालकीणबाई ती पुढची खुर्ची पुसत होत्या. म्हणाल्या, "बसा. काल वहीत पत्ता लिहिलात तेव्हाच ओळखलं. एकवीस वर्षं हेच अक्षर वाचतेय मी."

मी उभाच.

त्यांनी खुंटीवरचा पाइप काढून आणला. "नवी दांडी आहे घरात. बसवून देऊ?"