मुलींची भिंत

दादा,

तुझ्या कारखान्याने आमच्या चित्रकलेच्या वर्गाला मदत केली, हे मी शाळेत मिरवत सांगितलं होतं. काल तुझ्या माणसांनी मुलींनी खपून रंगवलेली भिंत पांढरी केली आणि तिच्यावर कारखान्याचं नाव काढलं. एकीने विचारलं, "बाई, आमचं चित्र चुकलं होतं का?" मी तडक तुला फोन लावला. तू म्हणालास, "अगं, दुसरी भिंत घे की!"

आज गल्लीतले पेंटर आणि पालक घरातले उरलेसुरले रंग घेऊन आले. मुली तुझ्या कारखान्याच्या नावावरच रंगवायला लागल्या. मी अडवलं नाही.

तुझ्या घरी पत्र आईच्या हाती पडलं, तर ती तुझीच बाजू घेईल, म्हणून टपालात टाकत नाही. वर्गाच्या उद्घाटनाला येशील तेव्हा हातातच देईन; त्या मुलीला उत्तर तूच दे.

भयंकर चिडलेली,
तुझी धाकटी