बाटलीच्या तळाशी

३ मार्च
आजपासून पांढऱ्या भुकटीची बाटली माझ्या ताब्यात. पांढऱ्या पेशींना वाढायला जे एन्झाइम लागतं, त्याचाच ही गळा धरते म्हणे. ताईच्या गोळ्यांत हेच औषध! आईने दिलेलं मूत्रपिंड तिच्या शरीराने परकं म्हणून हाकलू नये, यासाठी रोज दोनदा.

भुकटी पाण्यात कालवली. दुसऱ्या द्रावकाच्या वासाने सरांना मळमळतं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत सगळं पाण्यात. सरांचं नाक म्हणजेच नियम!

७ मार्च
औषध घालूनही पेशी वाढल्या. चिकार!

८ मार्च
दुप्पट औषध घातलं, तरी ढिम्म. सर मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता खरडपट्टी. तर म्हणाले, "अगं, चूक कसली? शोध आहे हा! आपल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत!" आपल्या! मेल्या की माझ्या, जगल्या की आपल्या.

संध्याकाळी ताईला फोन केला. बढाई मारायची खुमखुमी, दुसरं काय! "तुझं औषध अगदीच फुसकं निघालं गं. काही म्हणजे काही होत नाही त्याने." ती हसली. "आणि मी इथे त्याच्यापायी रोज पोट धरून बसते!"

१२ मार्च
संचालक येऊन गेले. पुष्पगुच्छ, फोटो. शोधाला सरांचं आडनाव द्यायचं ठरलंय. माझं नाव आभारांत — फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

१६ मार्च
बाटली सहज उजेडात धरली. तळाशी पांढरा गाळ! भुकटी पाण्यात विरघळलेलीच नाही. इतके दिवस मी पेशींना वरचं नितळ पाणी पाजत होते. वाढतील नाहीतर काय करतील बिचाऱ्या! सर जेवायला गेल्यावर त्या वासाच्या द्रावकात थोडी विरघळवली आणि नव्या पेशींना दिली.

१९ मार्च
वाढ ठप्प. औषध अगदी ठणठणीत आहे!

सरांना सांगितलं. त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला, मग दार लावलं. "शुक्रवारी माझं व्याख्यान आहे. तोवर ती बाटली हलवू नकोस."

२० मार्च
ताईचा फोन. रुमालाचा किस्सा सांगून तिला हसवायचं, असं ठरवूनच उचलला. तिला ताप आहे, पाय सुजलेत, आई तिला घेऊन दवाखान्यात निघालीय. "गोळ्या? त्या मी कधीच बंद केल्या. बारा दिवस झाले. तूच म्हणालीस ना गं?"