तीस वर्षांचं छप्पर

६ मार्च
छप्पर झालं एकदाचं. उतरतं, डांबरी शिंगल्सचं, म्हणजे कौलांसारख्या पातळ चकत्यांचं, वर चिकटवलेली रंगीत बारीक खडी, अमेरिकेतल्या बंगल्यांना असतं तसंच. गॅरंटी तीस वर्षं. कॉलनीत सगळ्यांच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब, आपलंच घर वेगळं. बाबा अंजनगावचं घर विकताहेत. पुढे माझ्याकडे अमरावतीत राहायचं की धाकट्या गोपालकडे अकोल्याला, हे उन्हाळा पाहून ठरवतो म्हणाले. थोरला मी. शिवाय गोपालकडे साधा स्लॅब. म्हणजे ठरल्यातच जमा.

११ मार्च
बाबा आले. छप्पर पाहून विचारलं, खाट कुठं टाकू? उन्हाळ्यात ते गच्चीवर झोपतात. उतारावर खाट राहत नाही, हे समजावून सांगितलं. खाट भिंतीला उभी करून ठेवली आणि पुन्हा एकदा वर पाहिलं. इम्प्रेस झाले असावेत.

२ एप्रिल
छपराखालच्या झरोक्यांतून कबुतरं शिरतात. सिमेंट भरून झरोके बंद. हवा खेळली नाही तर शिंगल्स खालून भाजतात, असं कंत्राटदार मनोजने बजावलं होतं. पण कबुतरं काही त्याच्या घरात घुमत नाहीत.

१९ एप्रिल
पारा पंचेचाळीस. घराची भट्टी. संध्याकाळी छपरावर पाईपने पाणी मारलं. सगळी अमरावती गच्चीवर मारते. चर्र आवाज आला, म्हणजे फरक पडतोय. रोज मारायचं, असा निश्चय.

३० एप्रिल
पन्हाळीत खडीच खडी. छप्पर स्वच्छ होतंय. रागिणी म्हणाली, अवं, हे छप्परच झडून राहिलं. बायको असली तरी तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

९ मे, भर दुपारी
उष्णतेवर उपाय: गच्चीला मारतात तसा चुना मारला. स्वतः चढून. पायाखाली शिंगल्स गादीसारखे मऊ. याला म्हणतात क्वालिटी. काही फाटले. टेप लावली.

१५ मे
कुरडया छपरावर वाळवायची आयडिया माझी. खाली लुगडं अंथरलं होतं, पण सगळंच घसरून खडीत लोळलं. तळल्यावर बाबांचा दात हलला. हवापालट म्हणून अकोल्याला गेले. सोबत खाट नेली. हवापालटच आहे.

२३ जून
पाऊस. पाणी थेट पंख्यातून येतंय. मनोजला बोलावलं. झरोके, चुना, टेप, सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, भाऊ, गॅरंटी छपराची होती, तुमची नोती. उद्धट माणूस. तक्रार करायची आहे.

८ जुलै
बेडरूमचं सीलिंग पलंगावर आलं. सुदैवाने आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपलो होतो, तिथे कमी गळतं. अकोल्याला निघालो, बाबांना परत आणायला. रागिणीने सगळ्या बॅगा का भरल्या, कळत नाही.

१४ जुलै, अकोला
शेजारच्या आशाबाई आल्या होत्या. बाबांनी ओळख करून दिली: हा माहा मोठा पोरगा, गजेंद्र. याले घर नाही, म्हणून आपल्याजवळच ठेवून घेतलं.
फार लागलं मनाला. माझा अमरावतीत बंगला आहे, असं सांगणार होतो. तेवढ्यात बाहेर धो धो सुरू झाला आणि मी सवयीने बादली आणायला उठलो. गोपाल म्हणाला, बस दादा, इथं नाही गळत.