धुऱ्यावर आलेला साहेब

माय, काल गावात सुनावणी झाली अन् मले माईकवर बोलावलं. माईक म्हणजे ते, ज्याच्यात लग्नात आहेर कोणाचा आला ते सांगतात. तुझी पोरगी त्याच्यात बोलली. माझाच आवाज तिकडच्या भोंग्यातून माझ्या मागं येऊन राहिला होता, तं मी वळून पाह्यलं की कोण बोलून राहिलं. लोकं हसले, मीबी हसली. तू जाऊन इतके वर्षं झाले, तुले पत्र लिहायचं मले कधी सुचलं नाही. पण आज सकाळी चहा झाला अन् वाटलं, हे सांगायचं तं तुलेच, कारण शेत, आपली ती बांधी, तुझी होती. बाकीच्या पोरी शेणाले जात होत्या तेव्हा तू मले शाळेत घातलं, चौथीपर्यंत. तेवढ्यावरच लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे, पण तुले कुठं वाचता येत होतं.

सुनावणी कायची ते सांगते. आपल्या बांधीच्या पलीकडची विमानाची पट्टी आठवते न तुले? इंग्रजांच्या लढाईच्या वेळची म्हणतात ती. ती आता मोठी करायची आहे. मोठं विमान उतरलं पाह्यजे म्हणतात, त्याच्यासाठी पट्टी लांब पाह्यजे, अन् लांबवायची तं आपल्याकडंच लांबते, दुसऱ्या अंगानं नाला आहे. म्हणजे आपली धानाची बांधी तिच्यात जाते, अन् तिच्यासंगं गावातल्या आणखी लोकांच्या. विमान म्हणशील तं या पट्टीवर मी जन्मात एकच उतरताना पाह्यलं, कोण्या पुढाऱ्याचं, बारकंसं. गाई हाकलून उतरवलं होतं. बाकी आम्ही तिथं धान वाळवतो, मिरच्या वाळवतो. माझी नात सायकल तिथंच शिकली. मोहाडीच्या बाजाराले जाणाऱ्यांले तिकडून जवळ पडते. पट्टी तशी आमचीच आहे, फक्त सरकारले ते माहीत नाही.

तिच्यावर मुरूम तं तूच टाकला होता. मले अजून दिसते, दुष्काळाचं साल आहे, सरकारनं काम काढलं आहे. मी डबा घेऊन येते. तू डोक्यावरचं घमेलं खाली ठेवते, पदरानं तोंड पुसते, अन् सावली कुठंच नाही म्हणून आपण दोघी रोलरच्या बाजूले, त्याची जेवढी सावली पडते तेवढ्यात बसतो. लाखोरीचं वरण अन् शिळा भात. रोलरच्या तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी विचारते, माय, ही जागा पहिले कोणाची होती? तू म्हणते, "असन कोणाची तरी." मी म्हणते, "मंग त्याले विचारलं का?" तू पुढचा घास घेते. 

पण तूच नंतर मले एकदा काय केलं ते पाह्य. धानाची रोपं लावून ताजा रोवणा झालेला होता, अन् मी शाळेतून आडवी आली, एका म्हाताऱ्याच्या बांधीतून. तू दुरून पाह्यलं. हात धरला अन् माघारी नेलं. "विचारलं होतं का?" मी म्हटलं, "कोणीच नव्हतं तिथं." "नव्हतं तं थांबायचं." त्याच्या दारात उभं केलं मले. तो खाटेवर बसून तंबाखू मळून राहिला होता. मी रडत रडत म्हटलं, तुमच्या बांधीतून जाऊ का. तो म्हणे, "जाऊन तं आली पोरी, आता कायले विचारते?" तू त्याले म्हटलं, "ती विचारून राहिली, तुम्ही सांगा." बिचाऱ्यानं सांगितलं, जाय. मले तुझा असा राग आला होता की त्या दिवशी मी जेवली नाही. खरं म्हणजे जेवली, पण उशिरा.

आता या वर्षीचं सांगते. ऐन रोवण्यात पंचायतीच्या भिंतीवर एक कागद चिटकला. अमुक दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी आहे, पट्टी वाढवण्याले कोणाची हरकत असन तं येऊन सांगा. कागद चिटकवला तो पंचायतीच्या चपराशानं, अन् त्याच्याही घरी रोवणाच होता. तुले काय सांगायचं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकदा उपटले की ते चिखलात गेलेच पाह्यजे, ठेवले की पिवळे पडतात. बायांच्या पाळ्या लागलेल्या असतात, आज हिच्या बांधीत तं उद्या तिच्या. एक बाई गेली की सगळ्यांचं अडते. तं कोणीच गेलं नाही. मंग कानावर आलं की गावाची काही हरकत नाही असं लिहून घेतलं, कारण गाव आलंच नव्हतं. नात म्हणे, "आजी, हे असंच असते." ती भंडाऱ्याले कॉलेजात जाते, तिले सगळंच असंच असते वाटते.

पण चिडली तीच सगळ्यात जास्त. विहारात बैठक झाली, देवळाकडचे लोकंबी येऊन बसले, अन् ठरलं की एक दिवस कोणीच पऱ्हे उपटायचे नाहीत अन् तालुक्याच्या कचेरीसमोर बसायचं. नातीनं बोर्ड रंगवला, आधी विचारा मग मोजा. सुनावणी गावात घ्या, रोवणा सरल्यावर घ्या, आम्हाले समजन असं सांगा. एवढंच मागणं. पट्टी नकोच असं बोर्डावर नव्हतं बरं. काही लोकांले ते पाह्यजे होतं, काहींचे पोरं म्हणत होते नोकरी लागन, म्हणून तेवढं सोडून बाकी लिहिलं. मीबी बसली. बरबटीच्या शेंगा सोलायले घेऊन गेली होती, रिकाम्या हातानं किती वेळ बसायचं. शेजारीण म्हणे, "काकू, हे आंदोलन आहे, तुमचं आंगण नाही."

मी म्हटलं, "शेंगा सोलल्या तं आंदोलन मोडते का? घे, तूबी सोल."

संध्याकाळपर्यंत आमची अख्खी ओळ सोलून राहिली होती. आतून एक बाबू आला, निवेदन घेतलं, जाता जाता त्यानंबी चार शेंगा सोलल्या. अन् काही झालं नाही.

आता चिखलाचं. रोवण्याचा शेवटचा दिवस आपल्या बांधीचा असते, तुझ्यापासून तसंच चालू आहे. अन् शेवटच्या दिवशी जो कोणी धुऱ्यावर, बांधावर, येईन त्याच्या गालाले चिखल लावायचा अन् त्याले तिथंच जेवायले बसवायचं, तेबी चालू आहे. तू तं पोस्टमनलेही सोडलं नव्हतं, अन् तो ते गाल तसेच ठेवून पुऱ्या गावात डाक वाटत फिरला होता. चिखल लागला की माणूस आपल्या बांधीचा झाला. तं या वर्षी शेवटची पेंडी रोवून आम्ही कंबर सरळ करून राहिलो होतो, अन् धुऱ्यावरून तिघं जण आले. पुढचा पोरगेलासा, पांढरा शर्ट, चष्मा, बूट हातात. मागच्या दोघांजवळ तीन पायाचं यंत्र अन् लाल रंगाच्या खुंट्या. मले दूरचं धड दिसत नाही. मले वाटलं बियाण्याच्या कंपनीवाले असतील.

"या साहेब, बरोब्बर वेळेवर आले," मी म्हटलं, अन् दोन्ही हातानं त्याच्या दोन्ही गालाले चिखल लावला. चांगला मऊ पाहून लावला, खडा नव्हता त्याच्यात. तो खांबासारखा उभा. मागून बायांनी शर्टाले लावला, एकीनं चष्म्यालेबी लावला.

"हे काय चाललंय तुमचं?" तो म्हणे.

"चला बसा जेवायले. वांगे-झिंगे आहे, भात आहे."

तो वळला अन् चालायले लागला. त्याचे दोघं खुंट्या तिथंच टाकून त्याच्या मागं. मी ओरडून म्हटलं, "अवो, न जेवता जाऊ नका, बरं होणार नाही." मी बांधीच्या हिशोबानं बोलली होती, पाहुणा उपाशी गेला तं आपल्याच मनाले लागते. तो पट्टीसाठी मोजणी करायले आलेला सरकारी साहेब होता अन् त्यानं ते वेगळंच घेतलं, हे मले मंग समजलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसातला जमादार दारात. सरकारी कामात अडथळा, अधिकाऱ्याच्या अंगावर चिखलफेक, वरून धमकी. तो जमादार इकडचाच, पवनीकडचा. ओसरीवर बसला, पाणी पिला.

"जयभीम आजी. साहेबावर चिखल फेकला म्हणतात?"

"फेकला नाही, लावला."

"बरं, लावला. काहून लावला?"

"शेवटचा दिवस होता."

त्यानं पेनाले टोपण लावलं. मंग हळूच म्हणे, "आमची मायबी लावत होती."

"मंग लिही न तसं."

"कागदात तशी जागा नाही आजी."

"मंग हे लिही की तो जेवला नाही. त्याची आमचीच तक्रार आहे."

नातीनं कपाळाले हात लावला. तिले भेव होतं की आजीले आता ठाण्यात नेतात. मले काही भेव वाटलं नाही. या वयात नेऊन नेऊन कुठं नेणार, अन् नेलं तं जीपमधून नेतील, पायी तं नाही.

तं पेपरात आलं, महिलांनी अधिकाऱ्याला चिखल फासला. आमचा फोटो नव्हता म्हणून कोण्या दुसऱ्याच गावच्या बायांचा छापला, त्या आमच्यापेक्षा पुष्कळ रागीट दिसत होत्या. तो पेपर पाहून मोठा साहेब स्वतः गावात आला. ज्याच्या कचेरीसमोर आम्ही शेंगा सोलत बसलो तं ज्यानं खिडकी उघडली नव्हती, तोच. पंचायतीच्या खोलीत पाय ठेवायले जागा नाही. तो म्हणे, "मी फक्त चिखलाच्या प्रकाराची चौकशी करायला आलोय." पण चिखलावर कोणी बोलेचना. एक म्हणे माझी विहीर पट्टीत जाते. एक म्हणे तलावाचा पाट अडला तं खालच्या बांध्यांले पाणी कुठून जाईन. एक म्हणे ढोरं कुठून न्यायचे.

साहेबानं हात वर केला. "हे सगळं सुनावणीत सांगायचं असतं."

नात उठली. "तेच म्हणून राहिलो न साहेब. कधी घेता?"

तो हसला थोडा, मी पाह्यलं. मंग मले विचारलं, "आजी, चिखल तुम्हीच लावला?"

"हो."

"मी आलो असतो तर मलाही लावला असता?"

"शेवटच्या दिवशी आले असते तं. एरवी नाही."

त्यानं चिखलाची चौकशी तिथंच संपवली, अन् सांगितलं की धान कापून घरी आलं की सुनावणी गावातच घेतो. अन् घेतली, ती कालची. मांडव टाकला, खुर्च्या मांडल्या, नकाशा लावला. नकाशात आपली बांधी शोधायले नातीले बराच वेळ लागला, शेवटी ती तांदळाच्या दाण्याएवढी निघाली. चिखलवाला पोरगाबी एका कडेले बसला होता. मले पाहून खुर्ची थोडी मागं घेतली. "आजी, आज चिखल नाही ना?" मी म्हटलं, "आज नाही. पण तुमचं जेवण राहून गेलं आहे," अन् डबा त्याच्या मांडीवर ठेवला. झिंगे खात नाही म्हणे, पण वांगे वांगे निवडून भात सगळा खाल्ला, मांडवाच्या मागं उभ्या उभ्या. झालं. आता तो आपल्या बांधीचा, त्याले पटो का न पटो.

मंग मले बोलावलं. मोठा साहेब म्हणे, "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?" माय, मी माईक दोन्ही हातानं धरला. मले असं कधी कोणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी तूबी नव्हतं विचारलं. म्हाताऱ्याच्या दारात नेऊन उभं करणारी तू, पण तेव्हा संध्याकाळी येऊन सांगितलं की पोरगा पाह्यला, घरजावई व्हायले तयार आहे. राग नाही माझा, माणूस चांगला निघाला. फक्त काल माईकसमोर ते आठवलं. मंग मी म्हटलं, "माझी हरकत आहे. लिहा." त्यानं लिहिलं, वर मले वाचून दाखवलं, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात रडून राहिली होती. घरी येईपर्यंत मी रस्त्यात भेटन त्याले सांगितलं, माझी हरकत लिहून घेतली म्हणून. निकाल काय लागन कोणाले माहीत, तो वरून येईन म्हणतात.

हे पत्र टाकायचं कुठं हा काही प्रश्न नाही, टाकायचंच नाही. नातीच्या हाती मात्र लागू द्यायचं नाही, कारण पुढचं मी मांडवात सांगितलं नाही अन् तिलेही सांगितलं नाही. माझे गुडघे गेले आहेत माय. लेक नागपूरले आहे, तो बांधीत उतरणार नाही. रोवण्याच्या बाया दरसाल कमी होऊन राहिल्या. तो चष्म्याचा पोरगा पहिल्याच दिवशी धुऱ्याच्या अलीकडं थांबून म्हटला असता, आजी येऊ का, तुमची बांधी पाह्यजे होती, तं मी देऊन टाकली असती. कालबी माईकसमोर उभी झाली तेव्हा मनात हो होतं. तोंडातून हरकत निघाली, अन् निघाल्यावर इतकं बरं वाटलं की मी ती परत घेतली नाही.